वर्षात दुसऱ्यांदा वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह गेला, पाण्यात गाळ आहे. फिल्टर नक्की कुठे बसवू?

कोलशेत_सातवा_मजला | ९ जुलै, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवटच मिळतो.

ठाण्यात कोलशेत रोडला आमची सोसायटी आहे, तीस वर्षांची जुनी. सात मजले, आम्ही सातव्यावर. सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या चादरी, दुपटी, गाऊन यांच्यासाठी मशीन रोज दोनदा लावावंच लागतं. ते बंद पडलं की माझा अख्खा दिवस बाथरूममध्ये जातो आणि पावसाळ्यात तर हाताने पिळलेली चादर दोन दिवस वाळत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मशीन पहिल्यांदा अडलं. बटण बंद असतानाही पाणी थेंबथेंब आत झिरपायचं, सकाळी झाकण उघडलं की ड्रमच्या तळाला चार बोटं पाणी. इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे मशीनमध्ये पाणी सोडणारी झडप, बदलला. या जूनमध्ये पुन्हा तेच, पुन्हा नवा व्हॉल्व्ह. या वेळी मी जुना व्हॉल्व्ह मागून घेतला आणि रात्री ओट्यावर वर्तमानपत्र पसरून उघडला. आत काळ्या रबराची पातळ चकती असते. तिच्या कडेला एक भोक, सुईच्या टोकाएवढं. त्या भोकात तपकिरी कण रुतून बसला होता, मोहरीच्या दाण्याच्या निम्माही नसेल. टाचणीने काढला तेव्हा नखावर मातीसारखा चुरला. एवढ्याशा कणाने दोनदा खर्च करायला लावला.

गीझरचंही तेच दिसतंय. पूर्वी दहा मिनिटांत तापायचा, आता पंचवीस लागतात आणि तापताना आतून खडखड आवाज येतो. प्युरिफायरच्या बाहेरची कॅन्डल तीन महिने चालायची, ती आता तीन आठवड्यांत चिकणमातीच्या रंगाची होते.

त्यात गेल्या रविवारी दारावर एक विक्रेता आला. मीटर बुडवून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६८ दाखवला. मग आमच्या ग्लासात आणि त्याच्या बाटलीतल्या पाण्यात सळयांचं एक यंत्र बुडवून करंट दिला. आमचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर फेस आला. त्याचं तसंच स्वच्छ. सासूबाईंसमोर म्हणाला, "आजी, हे तुम्ही रोज पिता." अठरा हजारांचं मशीन सांगत होता. घेतलं नाही, पण त्या तेव्हापासून पाणी प्यायला कुरकुर करतात आणि मलाही झोप नाही.

मला विचारायचंय ते असं. सगळ्या घराला मिळून एक फिल्टर बसवावा की मशीन, गीझर, प्युरिफायर यांना वेगवेगळे? एक दुकानदार पाच मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणतो, दुसरा वीस म्हणतो. आमच्याकडे सातव्या मजल्यावर पाण्याला मुळात जोर कमी आहे, तो आणखी कमी होईल का?

घोडबंदर_टॉवर | ९ जुलै, रात्री ११.५२

आम्ही तीन वर्षांपूर्वी घरात पाणी येतं त्याच लाईनवर वीस इंची जंबो हाउसिंग, म्हणजे फिल्टरचं मोठं नळकांडं बसवलं, आत पाच मायक्रॉनची स्पन कॅन्डल. दोन महिन्यांनी बदलतो. मशीन, गीझर, नळ सगळं ठीक. बिनधास्त बसवा. आमचा मजला अकरावा, बिल्डिंग अठ्ठावीस मजली, त्यामुळे जोराचा प्रश्न कधी आला नाही.

कळवा_मेकॅनिक | १० जुलै, सकाळी ७.०५

ताई, मी बावीस वर्षं मशीन आणि गीझर दुरुस्त करतोय, कळवा-खारेगाव-मुंब्रा या पट्ट्यात. फिल्टरचं नंतर बोलू. आधी एक काम करा आणि मला सांगा.

मशीनचं बटण बंद, प्लग काढा. मागचा नळ बंद करा. पाण्याचा पाइप मशीनच्या बाजूने हाताने फिरवून सोडवा, खाली फडकं ठेवा. पाइप निघाला की मशीनच्या तोंडात बघा, मोबाइलचा टॉर्च लावून. तिथे प्लास्टिकची गोल बारीक जाळी असायला हवी, मध्ये पकडायला छोटा दांडा असतो. जाळी आहे का? एवढं सांगा.

वरच्या दादांचं त्यांच्या घरी बरोबर आहे, पण सातव्या मजल्याला ते चालणार नाही. त्यांच्या डोक्यावर सतरा मजले आहेत. पाण्याची टाकी दहा मीटर उंच असली की साधारण एक किलोचा दाब मिळतो (दर चौरस सेंटीमीटरला). तुमची टाकी गच्चीवर, तुमचा मशीनचा नळ तिच्या तळापासून फार तर चार मीटर खाली, म्हणजे दाब अर्धा किलोसुद्धा नाही. त्यात पाच मायक्रॉनची कॅन्डल घातली, तीही गढूळ पाण्याची, तर आठवड्यात ती चोंदेल, मशीन पाणी भरता भरता थकून एरर दाखवेल आणि तुम्ही म्हणाल तिसरा व्हॉल्व्ह गेला. मग कोणीतरी प्रेशर पंप विकेल.

कोलशेत_सातवा_मजला | १० जुलै, सकाळी ९.४०

दादा, आत्ताच पाहिलं. जाळी नाही.

आणि आता आठवलं. ऑगस्टमध्ये जो माणूस आला होता त्याने ती काढून मला दाखवली होती, मातीने लिंपलेली. "हिच्यामुळे पाणी हळू भरतं, काढून टाकतो" म्हणाला आणि खिडकीत ठेवली. मी ती कचऱ्यात टाकली. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, अडथळा गेला.

कळवा_मेकॅनिक | १० जुलै, दुपारी १.३०

ताई, तुमचा दोष नाही, पण ज्याने काढली त्याने तुमच्या मशीनचं नुकसान केलंय. मला अशी मशीनं महिन्याला पाच-सहा दिसतात.

तुम्ही जी चकती पाहिली तिचं काम नीट समजून घ्या. कडेच्या बारीक भोकातून पाणी चकतीच्या मागे जातं आणि मागून दाब देऊन चकतीला दाबून धरतं. कॉइलला करंट मिळाला की मधलं भोक उघडतं, मागचा दाब सुटतो, चकती उचलते, पाणी आत येतं. आता कडेचं भोक कणाने बुजलं की मागे दाबच तयार होत नाही, चकती घट्ट बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. तुमच्याकडे मुळात दाब कमी, म्हणून चकती आधीच सैल हाताने बसते. खाली दुसऱ्या मजल्यावर तोच कण कदाचित एवढा त्रास देणार नाही.

नवी जाळी स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते, मशीनचं मॉडेल सांगा, स्वस्त वस्तू आहे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी लांब तोंडाच्या पकडीने दांडा धरून सरळ ओढायची, जुन्या टूथब्रशने वाहत्या पाण्यात घासायची. टाचणी घालायची नाही, एक घर फाटलं की जाळीचा उपयोग संपला. पाइपातला रबरी वॉशर पडला तर उचलून परत बसवा, नाहीतर गळेल.

नळ आणि पाइप यांच्यामध्ये एक वाय-स्ट्रेनर टाका, आत शंभर मेशची स्टीलची जाळी. तिची घरं साधारण दीडशे मायक्रॉनची. रेती, गंजाचे कण, प्लास्टिकचा कीस तिथेच अडकतील आणि पाण्याचा जोर जाणवण्याइतका कमी होणार नाही. मशीनला आणि गीझरला एवढं पुष्कळ झालं. बारीक माती चकतीतून निघून जाते, तिने व्हॉल्व्ह अडत नाही.

पण ताई, कॅन्डल तीन आठवड्यांत माती होतेय म्हणजे गाळ कुठूनतरी भरपूर येतोय. तो कुठून येतो ते शोधा. तुमच्या घरात अडवून किती अडवाल?

निवृत्त_जलशुद्धीकरण | १० जुलै, रात्री ८.१५

मी पस्तीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रांच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. पहिली त्या विक्रेत्याची, कारण ती मला सहन होत नाही.

ग्लासातला तपकिरी रंग तुमच्या पाण्यात नव्हता, तो त्याच्या सळईतून आला. नैसर्गिक पाण्यात क्षार विरघळलेले असतात म्हणून त्यातून वीज वाहते. वीज वाहिली की लोखंडी सळई झिजते, तिचं लोह पाण्यात उतरतं आणि त्याचा तपकिरी साका होतो. त्याच्या बाटलीतल्या पाण्यात क्षार जवळजवळ नव्हतेच, म्हणून वीज वाहिली नाही, म्हणून सळई झिजली नाही. त्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ टाकलं असतंत तर तेही तसंच तपकिरी झालं असतं. आजींना हे जरूर समजावून सांगा.

दुसरी गोष्ट टीडीएसची. ६८ हा आकडा उत्तम आहे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), टीडीएस ५०० पर्यंत स्वीकारार्ह मानतं. आपल्याकडे भातसा आणि उल्हास नद्यांचं पाणी येतं, ते बेसाल्टच्या डोंगरातून वाहत येतं आणि स्वभावतःच मऊ, म्हणजे चुन्याचे क्षार कमी असलेलं असतं. अशा पाण्याला आरओची गरज नसते. पण लक्षात घ्या, टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. तरंगणारी माती त्याला दिसतच नाही. गढूळ पाण्यातही तो ६८ दाखवेल. मातीचं माप वेगळं, ते एनटीयूमध्ये मोजतात. मानकात ते १ आहे आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हा ५ पर्यंत चालवून घेतात. हे महत्त्वाचं अशासाठी की तुमच्या प्युरिफायरमध्ये यूव्ही (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा दिवा) असेल तर गढूळ पाण्यात मातीच्या कणाआड जंतू लपतात, किरण तिथे पोचत नाहीत. पावसाळ्यात पाणी गढूळ दिसलं तर आजींसाठी गाळून, उकळून घ्या. खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरतं.

आता घरच्या घरी तपासायचं कसं. पारदर्शक काचेच्या बाटल्या घ्या, सरबताच्या चालतील. नळाचं पाणी भरून पांढऱ्या कागदापुढे ठेवा. पाणी दुधासारखं पांढरट असेल आणि मिनिटभरात खालून वर स्वच्छ होत गेलं तर ती नुसती हवा आहे, काळजी नाही. मिनिटात तळाला बसलं ती रेती किंवा गंज. काही तासांत बसलं ती बारीक पोयटा माती. दुसऱ्या दिवशीही बसलं नाही ती चिकणमाती. तिचे कण दोन मायक्रॉनहूनही लहान असतात (माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा), म्हणजे पाच मायक्रॉनच्या कॅन्डलमधून ते खुशाल पार होतात. त्यांना एकत्र आणायला तुरटी लागते. टेमघरसारख्या केंद्रात हेच होतं, आधी तुरटी, मग संथ पाण्यात निवळणं, मग वाळूचे थर, शेवटी क्लोरीन. आपल्या आजीही माठात तुरटी फिरवायच्या ते यासाठीच.

बसलेला साका चमच्यावर घेऊन त्यावर पांढरं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुना, म्हणजे पाण्यातले क्षार. नाही फसफसलं तर माती किंवा गंज. गंज ओळखायला लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवा, लोखंडी पाइपातले काळपट कण बरेचदा चिकटतात.

आणि एकाच बाटलीवर थांबू नका. सोसायटीत पाणी येतं तिथली एक, गच्चीवरच्या टाकीची एक, तुमच्या नळाची एक. तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की गाळ कुठे शिरतो ते कळेल.

ऐरोली_सेक्रेटरी | ११ जुलै, सकाळी ६.५०

काकांनी छान सांगितलं. मी सोसायटीच्या बाजूने लिहितो, कारण आमच्याकडे २०२१ च्या पावसाळ्यात हाच वाद झाला होता आणि सहा घरांनी सहा फिल्टर बसवल्यावर कमिटीला जाग आली. त्या कमिटीत मीही होतो.

वॉचमनला विचारा, पंप किती वाजता चालवतो? आणि सोसायटीत पाणी किती वाजता येतं? अंडरग्राउंड टाकी बहुतेक सगळा गाळ पोटात घेते, ते तिचं कामच आहे. पण टाकी रिकामी होत आली असताना पंप चालू केला तर फूट व्हॉल्व्ह (पंपाच्या पाइपाचं टाकीतलं तोंड) तळाचा गाळच ओढतो आणि सरळ गच्चीवर पाठवतो. नवं पाणी येऊन वरून धबधब्यासारखं पडत असताना पंप चालवला तरी तेच, सगळं ढवळलेलं असतं.

पाणीपुरवठ्याचा शटडाऊन झाला की त्यानंतरचं पहिलं पाणीही बघा. कुठल्याही शहरात रिकामी झालेली पाइपलाइन जोरात भरते तेव्हा आत बसलेला थर उचलून आणते. आम्ही आता पहिली पंधरा मिनिटं ते पाणी बागेत सोडतो, मग टाकीचा कॉक उघडतो.

नेरुळकर | ११ जुलै, सकाळी १०.१०

माझा अनुभव थोडा वेगळा म्हणून लिहिते. आमची इमारत ऐंशीच्या दशकातली, जुन्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपांची. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, ते भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. तरी कपडे पिवळे व्हायचे. आमचा गाळ म्हणजे शुद्ध गंज, स्वतःच्याच पाइपांचा. रात्रभर नळ बंद राहिला की सकाळची पहिली बादली चहाच्या रंगाची. गच्चीच्या टाकीतून घरांत उतरणारी सगळी डाऊनटेक लाईन बदलल्यावर थांबलं.

ताई, तुम्ही सासूबाईंच्या चादरींचं लिहिलंत म्हणून मुद्दाम सांगते. पिवळे-तांबूस डाग पडले असतील तर ब्लीच टाकू नका. गंजाचा डाग ब्लीचने आणखी पक्का होतो. लिंबूफूल म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, किराणा दुकानात मिळतं, दोन चमचे अर्ध्या बादली कोमट पाण्यात विरघळवून चादर तासभर भिजवा, मग नेहमीसारखी धुवा. एक गोष्ट मात्र पक्की पाळा, लिंबूफूल आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तर मुळीच नाही.

कोलशेत_सातवा_मजला | १४ जुलै, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस बाटल्यांचं प्रदर्शन मांडलंय स्वयंपाकघराच्या खिडकीत. काकांनी तीन सांगितल्या, माझ्या अकरा झाल्या. प्रत्येकीवर पट्टी चिकटवून तारीख आणि वेळ लिहिली.

सोसायटीत पाणी येतं तिथली बाटली: पहिल्या पाच मिनिटांची किंचित पिवळसर, नंतरची स्वच्छ. म्हणजे बाहेरून येणारं पाणी ठीक आहे. आमच्या नळाची रात्री दहाची बाटली: स्वच्छ, सकाळपर्यंत तळाला पुसटसा थर. आमच्याच नळाची सकाळी सव्वासहाची बाटली: गढूळ, तासाभरात तळाला करंगळीच्या नखाएवढा जाड तपकिरी थर. व्हिनेगर टाकलं, फसफसलं नाही. चुंबकाला चार-दोन कण चिकटले, बाकी नाही. म्हणजे मातीच.

मी पहिलं मशीन लावते सकाळी सहाला! सासूबाईंच्या रात्रीच्या चादरी तेव्हाच निघतात. म्हणजे दीड वर्ष मी दिवसातलं सगळ्यात गढूळ पाणी मशीनला पाजतेय.

वॉचमनला विचारलं. पाणी येतं साडेपाचला. पंप तो पाचला चालू करतो, पहिल्यापासून तसंच ठरलंय म्हणाला, म्हणजे सगळे उठायच्या आत वरची टाकी भरलेली असावी. तोपर्यंत रात्रभर वापरून खालची टाकी जवळजवळ कोरडी झालेली असते. ऐरोलीच्या दादांनी न बघता सांगितलेलं अगदी तंतोतंत निघालं.

मी बाटल्या पिशवीत घालून सेक्रेटरींच्या घरी घेऊन गेले. नुसतं बोलले असते तर "पावसाळ्यात होतंच" ऐकून परत आले असते. बाटल्या टेबलावर ओळीने ठेवल्या आणि पट्ट्या वाचायला सांगितल्या. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, आमचा गीझरही खडखडतो. रविवारी टाकी उघडायचं ठरलंय.

ऐरोली_सेक्रेटरी | १५ जुलै, सकाळी ७.१५

ताई, टाकी उघडताय तर एक कळकळीची विनंती. अंडरग्राउंड टाकीत कोणालाही एकट्याला उतरू देऊ नका, झाकणं काही तास आधी उघडून ठेवा, आत पंख्याने हवा सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं. डिझेलवर चालणारा पंप टाकीच्या तोंडाशी किंवा आत ठेवायचा नाही. बंद टाकीतल्या हवेने माणसं गेलेली आहेत, आणि त्याला वाचवायला उतरलेलेही. साफसफाईवाला "आम्हाला सवय आहे" म्हणाला तरी ऐकू नका.

टाकी कोरडी झालेलीच आहे तर त्याच दिवशी फूट व्हॉल्व्हचा पाइप कापून तळापासून एक वीत वर घ्या. तेवढं पाणी कायम तळाशी राहील, वापरता येणार नाही, पण गाळ त्याच्याखाली निजून राहील. गच्चीच्या टाकीचा आउटलेटही बघा, तो तळाला चिकटून असेल तर आतून चार इंचांचा तुकडा उभा जोडून घ्या. वॉशआऊटचा, म्हणजे टाकीतला गाळ सोडायचा कॉक जाम झाला असेल तर बदला, नाहीतर पुढच्या वेळी गाळ बादल्यांनी काढावा लागतो.

कोलशेत_सातवा_मजला | ३ ऑगस्ट, दुपारी ३.४५

बरेच दिवसांनी लिहिते. मध्ये सासूबाईंना ताप होता.

टाकी १९ जुलैला साफ झाली. दोरही होता, पंखाही लावला, मी स्वतः उभी राहिले. तळाला सहा बोटं गाळ, वरचा मऊ चिखल आणि खाली घट्ट रेती. आठ घमेली निघाल्यावर मी मोजणं सोडलं. चौथ्या मजल्यावरचे काका, ज्यांनी गेल्या वर्षीच्या मीटिंगमध्ये टाकीच्या खर्चाला विरोध केला होता, ते झाकणापाशी बसून शेवटपर्यंत बघत होते. संध्याकाळी त्यांनीच सगळ्यांना चहा पाठवला.

फूट व्हॉल्व्ह एक वीत वर घेतला. पंप आता सकाळी आठला आणि रात्री नऊला चालतो. सकाळी सगळ्यांना पाणी पुरेल ना अशी शंका होती, पण रात्री नऊला भरलेली वरची टाकी सकाळी आठपर्यंत पुरते, दोन आठवडे तरी पुरलीय. या बदलाला एक रुपया लागला नाही.

सकाळी सव्वासहाची बाटली आता रात्रीच्या बाटलीसारखीच दिसते. प्युरिफायरची कॅन्डल १९ तारखेलाच नवी घातली होती, पंधरा दिवसांनी काढून पाहिली, अजून साईच्या रंगाची आहे. मशीनला जाळी बसली. काल काढून घासली तेव्हा तिच्यावर पाच-सात रेतीचे कण होते, बस्स. व्हॉल्व्ह झिरपत नाही, ड्रम सकाळी कोरडा असतो. मी उठल्यावर आधी झाकण उघडून हात फिरवून बघते, अजून सवय गेली नाही.

सासूबाईंना सळईचं नीट सांगितलं. विश्वास बसेना, तेव्हा भाच्याने नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन खिळे आणून बाटलीबंद पाण्यात मीठ टाकून दाखवलं. खिळा झिजून पाणी पिवळट-तपकिरी झालं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याने मला खिळ्याचं पाणी दाखवलं होय." त्या दिवसापासून तांब्या मागून घेतात.

आता गीझर. दादा, तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तापामुळे गरम पाणी सारखं लागत होतं म्हणून जवळच्या माणसाकडून काढून घेतलं. एमसीबी बंद, रात्रभर गार होऊ दिला, नळ बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला आणि सेफ्टी व्हॉल्व्हची लिव्हर उचलून बादलीत सोडलं. आधी चहासारखं पाणी, शेवटी रेती, आणि रेतीबरोबर पांढऱ्या पापड्या, शहाळ्याच्या आतल्या कोवळ्या खोबऱ्यासारख्या. त्यांच्यावर व्हिनेगर टाकलं तर जोरात फसफसलं. आमचं पाणी मऊ असताना हा चुना कुठून आला?

कळवा_मेकॅनिक | ३ ऑगस्ट, रात्री ९.२०

ताई, मे महिन्यात टँकर आले होते का? बोअरचं, म्हणजे क्षारांचं पाणी असणार. मऊ पाण्याच्या भागात दोन महिने टँकर चालले की एलिमेंटवर चुना चढतो, मग तापल्यावर तडकून त्याच्या पापड्या खाली पडतात. वरून रेती बसली की एलिमेंट पांघरूण घेतल्यासारखं होतं. त्याची उष्णता पाण्याला कमी आणि त्या थरालाच जास्त, म्हणून वेळ लागतो, म्हणून खडखड. एकदा एलिमेंट बाहेर काढून साफ करून घ्या आणि त्याच वेळी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड बघायला सांगा. तो स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवतो. पेन्सिलीएवढा बारीक उरला असेल तर बदला.

सेफ्टी व्हॉल्व्हची लिव्हर उचललीत, तर आता तो थेंबथेंब गळतोय का ते पाहा. तापताना थोडं टपकलं तर चालतं, पाणी फुगतं त्याला वाट हवी असते. पण गार असतानाही गळत असेल तर त्याच्या बसण्याच्या जागी कण अडकलाय, लिव्हर दोन-तीनदा उचलून पाणी सोडा, निघून जाईल. नाही निघाला तर व्हॉल्व्ह बदला. वैतागून त्याचं तोंड बूच मारून बंद करणारी माणसं पाहिली आहेत मी. तसं कधीही करायचं नाही, गीझर फुटतो.

गीझरच्या लाईनलाही शंभर मेशचा स्ट्रेनर टाकला का?

कोलशेत_सातवा_मजला | ४ ऑगस्ट, सकाळी ८.१०

हो, टँकर होते, एप्रिलच्या शेवटापासून जूनपर्यंत. सेफ्टी व्हॉल्व्ह गळत नाहीये. अ‍ॅनोड पुढच्या रविवारी बघून घेते.

स्ट्रेनर परवाच बसवला, गार पाण्याच्या बाजूला. पण तेव्हापासून गरम पाण्याची धार करंगळीएवढीच येते. जाळी खूप बारीक झाली का?

कळवा_मेकॅनिक | ४ ऑगस्ट, सकाळी ८.२५

जाळी बरोबर आहे. स्ट्रेनरच्या अंगावर एक बाण कोरलेला असतो, पाणी ज्या बाजूला जातं त्या बाजूला त्याचं टोक हवं. आणि जाळीचं बोंड जमिनीकडे हवं, म्हणजे कण त्यात पडून राहतात. फोटो काढून बघा.

कोलशेत_सातवा_मजला | ४ ऑगस्ट, सकाळी ११.००

बाण उलटा होता. प्लंबरला बोलावून फिरवून घेतला, बोंड खाली. धार पूर्वीसारखी आली.